दीड फूट, स्वतः मोजली

४ मार्च, सकाळी ६.५०

आजपासून घरामागच्या जमिनीच्या तुकड्यासाठी वेगळी वही. तेहतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली. माझ्या सहीशिवाय बाजारातला एक तराजू हलला नाही. आणि स्वतःच्या जमिनीची मशागत किती खोल होते ते मलाच माहीत नसावं, हे बरं दिसत नाही.

गेल्या वर्षीच्या गाजरांबद्दल इथे काही लिहिणार नाही. फक्त कारण नोंदवतो. वरची माती मोकळी, खालची दगडासारखी. गाजर खाली गेलं, आपटलं, त्याला दोन पाय फुटले. सगळ्याच गाजरांना. शेजारच्या कर्नलने (सैन्यात कधी नव्हता, नुसती मिशी आहे) कुंपणावरून बघून त्यांना पायजमे म्हटलं. आठवड्याभरात भाजीवालाही विचारायला लागला, साहेब, पायजमे आणलेत का. विषय संपला.

संकल्प : आठ इंच. अख्खा तुकडा, एकसारखा. बी १ एप्रिलला.

४ मार्च, दुपारी १.००

ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं यंत्र, जोडला. पाती परवाच सगळी काढून, धार लावून, पुन्हा बसवली आहेत. मिस्त्री म्हणत होता मी येतो. म्हटलं कशाला उगाच. काढताना प्रत्येक पात्यावर रंगाने डावं-उजवं लिहिलं होतं. चोवीस पाती, एकही चूक नाही.

चार फेरे मारले. यंत्र जरा नाचतं. जमिनीत शिरायचं सोडून वर उड्या मारतं, आणि ट्रॅक्टरला मागून कुणी ढकलल्यासारखं होतं. धार नवीन आहे, जमिनीची सवय व्हायला वेळ लागणारच.

मोकळ्या मातीत स्टीलची पट्टी खुपसली. सहा इंच! पहिल्याच दिवशी सहा. राहिले दोन.

यंत्र धुवायला शेडपाशी गेलो तर पाणी नाही. पाण्याच्या मोटारीच्या पेटीवरचा लाल दिवा बंद. वीज गेलेली. तसाच चिखलाच्या पायांनी घरी आलो, चहा घेतला, मागे बघतो तर दिवा लागलेला. काय म्हणावं या वीज कार्यालयाला.

५ मार्च

हिने नाश्त्याला बसल्याबसल्या केबल काढली. म्हणजे विषय काढला. नोंदीसाठी लिहून ठेवतो : घरातून शेडमधल्या मोटारीला वीज जाते ती जमिनीखालच्या केबलने. केबल तुकड्याच्या बरोबर मधून जाते. ही तेव्हा कुंपणाच्या कडेने घ्या म्हणत होती. सरळ रेषेची लांबी सर्वांत कमी असते हे मी तिला तेव्हाही सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी दोघांनीच पुरली. मोजमाप माझ्याकडे, आणि ही चरात वाकून केबल सरळ करत होती.

हिचं म्हणणं, केबल वीतभरच खोल आहे. म्हणाली, सरळ करताना माझा हात मनगटाच्या जरा वरपर्यंत गेला होता, मला आठवतंय. त्यावरून रोटर गेला, पातं लागलं, आणि तुम्ही ओल्या मातीत पाय टाकलात तर मला हाक मारायलासुद्धा वेळ मिळणार नाही. म्हणून ट्रॅक्टर काढायच्या आधी मेन स्विच बंद करत जा.

वीत! ज्या माणसाने अप्रमाणित मापं जप्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याच्याच घरात वीत.

जुनी रोजनिशी काढून तिच्यापुढे धरली. जशीच्या तशी नोंद : "केबल पुरली. खोली दीड फूट. स्वतः मोजली." खाली तारीख, सही. दीड फूट म्हणजे अठरा इंच. मला जायचंय आठ. मध्ये दहा इंच शिल्लक. मेन बंद करायचा म्हणजे फ्रिज बंद, पंखा बंद, शिवाय यंत्र धुवायला पाणी नाही. हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. तिने नोंद वाचली, वही मिटली आणि उठून गेली. पटलेलं दिसतं.

७ मार्च, सकाळी ११.४०

यंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडी स्किड असतात. यंत्र त्यांच्यावर टेकतं. त्या वर घेतल्या की यंत्र खाली बसतं. साधं शास्त्र आहे. पूर्ण वर घेतल्या.

निकाल : साडेसहा. पट्टी किंचित दाबावी लागली. दाबणं हा मोजण्याचाच भाग आहे.

यंत्र नाचतंच आहे. उतरल्यावर पाच मिनिटं माझे हात आपोआप हलत होते, कपबशी वाजत होती. कर्नलने कुंपणावरून विचारलं, मशागत चाललीय की घोडा शिकवताय. उत्तर दिलं नाही. अशा माणसांना उत्तर न देणं हेच उत्तर.

वीज आजही गेली. नऊ वाजून पाच मिनिटांनी, बरोबर मी ट्रॅक्टर चालू केला तेव्हा. योगायोग.

एक निरीक्षण. हिने माझा ऑफिसचा जुना करडा स्वेटर घातला होता. या उन्हात! विचारलं तर म्हणाली, त्याचा खिसा मोठा आहे. बायकांना खिशाचं इतकं काय असतं कळत नाही.

९ मार्च

मिस्त्रीला फोन. त्याचं मत, पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू चालवा, यंत्राला माती खायला वेळ द्या. आणि पात्यांची तोंडं बरोबर आहेत ना साहेब, असंही विचारलं. मी नुसता हसलो. फोनवर बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे.

माझा विचार वेगळा. वेग म्हणजे जोर. तिसरा गिअर टाकला.

यंत्राने अशी काही उसळी मारली की ट्रॅक्टर माझं न ऐकता पुढे पळाला. ब्रेक दाबला तरी पळत होता. शेडच्या भिंतीपासून तीन फुटांवर थांबला (अंदाजे तीन, मोजायच्या मनःस्थितीत नव्हतो). घशाला कोरड पडली होती, ती धुळीमुळे.

ही शेडच्या दाराशी उभी होती. चेहरा पांढरा दिसत होता. स्वेटरमुळे गरम होत असणार.

खोली सहा. वेगात केलेलं काम, त्यामुळे अर्धा इंच सोडून द्यावा. म्हणजे साडेसहाच धरायचं.

वीज : गेली. ९.२० ते १०.३५.

१२ मार्च, दुपारी

वजन कमी पडतंय. हे आधीच कसं सुचलं नाही! रोटाव्हेटरच्या पाठीवर सहा मोठे दगड ठेवून दोरीने बांधले.

सुरुवात फार छान झाली. यंत्र दबलं. नाच निम्मा. मी मनातल्या मनात आठ लिहूनसुद्धा टाकलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला दोरी सुटली. एक दगड मागे पात्यांत गेला आणि माझ्या कानाला वारा लागला. नंतर शेडची काच फुटल्याचा आवाज. दोन्ही एकाच दगडाने.

हिने स्वतः येऊन किल्ली काढून घेतली. म्हणाली, आज पुरे. तिच्या सांगण्यावरून थांबलो असं नाही. दगड संपले होते.

सुरक्षेसाठी उपाय : पुढच्या वेळी दोरी जाड घ्यायची.

सात इंच! कुठेकुठे. एका ठिकाणी.

वीज : गेली. आता मात्र तक्ता करायलाच हवा.

१४ मार्च

ट्रॅक्टर चालवायचा आणि उतरून मोजायचं, यात फार वेळ जातो. म्हणून हिची मोजणी सहायक म्हणून नेमणूक केली. काम एवढंच : यंत्राच्या मागून चालायचं, दर दहा पावलांवर पट्टी खुपसायची, आकडा मोठ्याने ओरडायचा.

आली ती गमबूट घालून! गुडघ्यापर्यंत रबर, वर स्वेटर, हातात झाडूचा लांब लाकडी दांडा. ऊन मी म्हणत होतं. कर्नलची मिशी हलत होती, म्हणजे तो हसत होता. मी म्हटलं, अगं माती मोजायचीय, समुद्र ओलांडायचा नाहीये. दांडा कशाला? तर म्हणे असू दे. कधी काही ओढायची, बाजूला करायची वेळ आली तर लाकूड बरं.

आणखी एक सूचना तिने मला केली. यंत्रात काही अडकलं, धक्का बसला, तर सीटवरून खाली उतरायचं नाही. तिथेच बसून राहायचं आणि हाक मारायची. मला हसू आलं. काही अडकलं तर ते उतरूनच काढावं लागतं. सीटवर बसून काय आरती ओवाळू?

आकडे ऐकू आले नाहीत. इंजिनाच्या आवाजात नुसतं तिचं तोंड हलताना दिसत होतं. बहुतेक साडेसहा, साडेसहा म्हणत असावी.

वीज : गेली.

१६ मार्च

वीज कार्यालयाला अर्ज. नमुना इथे उतरवून ठेवतो.

"महोदय, आपल्या कार्यालयाकडून माझ्या शेडचा वीजपुरवठा खालील तारखांना खंडित करण्यात आला : ४, ७, ९, १२ आणि १४ मार्च. पाचही वेळा मी मशागत सुरू करताच वीज गेली व मी चहा घेताच आली. सबब हा प्रकार जाणीवपूर्वक असल्याचा माझा निष्कर्ष आहे. निवृत्त अधिकाऱ्याच्या अनुभवाचा अंत पाहू नये."

शेवटचं वाक्य जरा झणझणीत झालं आहे. राहू दे. अर्ज हिला वाचून दाखवला. तिने संपूर्ण ऐकला. तिने एवढ्या लक्षपूर्वक माझं काही ऐकल्याला बरीच वर्षं झाली. शेवटी म्हणाली, चांगला झालाय, पण पाठवू नका. ही असली भिडस्त आहे, म्हणून लोक डोक्यावर बसतात. पाठवला.

१७ मार्च

जाड दोरी, आठ दगड. पावणेसात. दोरीला काही झालं नाही, दगडांना काही झालं नाही. रोटाव्हेटरच्या झाकणाला पोचा. वीज : गेली.

आठ इंच एवढे अवघड का असावेत? सव्वा इंचासाठी माणसाने किती हात जोडायचे.

१९ मार्च, सायंकाळी

वायरमन येऊन गेला. कार्यालयाने दखल घेतली, हे महत्त्वाचं. त्याने मीटर बघितला, खांब बघितला, व्हरांड्यातला फ्यूजचा बोर्ड उघडून बघितला. म्हणाला, साहेब, या लाईनवर महिन्यात एक मिनिटसुद्धा वीज गेलेली नाही. मी तक्ता पुढे केला. तो तक्त्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

मग ही त्याला चहा द्यायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहा बाहेर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण असो. पाच-सात मिनिटं दोघांची कुजबूज. वायरमन बाहेर आला तो एकदम गंभीर. मला म्हणाला, साहेब, तक्रार मागे घ्या. तुमच्याकडची वीज जाते ती बरोबर वेळेवर जाते. आणि हिच्याकडे वळून, ताई, विसरू मात्र नका हं एखाद दिवशी.

काय विसरू नका, हे विचारायचं राहिलं. बहुधा चहात साखर.

२० मार्च

हिने आज विचित्र प्रश्न केला. केबल पुरताना खोली मोजलीत तेव्हा टेप कुठून धरली होती?

कुठून म्हणजे? वरून. टेप नेहमी वरूनच धरतात. चर खणताना निघालेली माती काठावर रचली होती. त्या ढिगाच्या माथ्यावर टेपचं एक टोक, चराच्या तळाशी दुसरं. अठरा इंच. स्पष्ट आठवतंय, कारण ढिगावर नीट उभं राहता यावं म्हणून मी तो पायाने चापून घेतला होता.

ती म्हणाली, ढीग तर जमिनीच्या वर होता ना.

होताच. ढीग जमिनीच्या वरच असतो. या घरात मला काय काय समजावून सांगावं लागतं.

 नंतर म्हणाली, मी तुमच्या पाया पडते, ते आठ इंच सोडून द्या. गाजरं नकोत मला. आपण पालक लावू. मेथी लावू. त्यांना चार इंच पुरतात. आवाज बसला होता तिचा. हवा बदलतेय, घशाला जपायला हवं.

पालक! कर्नल काय म्हणेल.

२१ मार्च, सायंकाळी ६.००

मिस्त्री आला. हिने परस्पर बोलावलं होतं. तिला म्हणे दगड बघवत नव्हते.

त्याच्यासमोर एक फेरा मारून दाखवला. (वीज : गेली. आता तक्त्यात सातवी नोंद.) मग मी पट्टी खुपसून दाखवली, साडेसहा. तर हा मनुष्य हसला. म्हणाला, साहेब, ही माती फुगलीय. रोटरने मोकळी केलेली माती वर येते. तिच्या माथ्यावरून मोजाल तर काहीही येईल. मग त्याने शेडमधली फळी आणली, दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या जमिनीवर आडवी टेकवली, मधली मोकळी माती हाताने बाजूला केली आणि फळीच्या खालून तळापर्यंत पट्टी धरली.

चार इंच.

त्याची पद्धत वेगळी आहे. मोजण्याच्या अनेक पद्धती असतात. वहीत दोन्ही आकडे ठेवायला माझी हरकत नाही.

ही मागे उभी राहून बघत होती. मिस्त्रीने चार म्हटलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, तुकड्याच्या मधोमध बघितलं. जिथून केबल जाते तिथे. का कोण जाणे.

पुढे मिस्त्री यंत्राखाली वाकला आणि कपाळाला हात लावून बसला. पाती उलटी आहेत, म्हणाला. धारेची बाजू मागे, पाठीची बाजू पुढे. जमीन कापत नाहीत, नुसती बडवतात. डावी ती उजवीकडे, उजवी ती डावीकडे, चोवीसच्या चोवीस. हे जमवायलासुद्धा कसब लागतं साहेब, असं म्हणाला. मी त्यावर रंगाने लिहिलेलं दाखवलं. त्याने विचारलं, लिहिताना कुठे उभे होतात? यंत्राच्या मागे. आणि बसवताना? यंत्राच्या पुढे, आडवा झोपून, तोंड मागे करून. मग तो पाना काढून कामाला लागला. थोडक्यात, माझं लिखाण बरोबर होतं, फक्त यंत्र दोन्ही वेळेला वेगवेगळ्या बाजूने बघितलं गेलं.

मला मनातून शंका होतीच. मिस्त्रीने तिला दुजोरा दिला.

दोन तासांत सगळी पाती बदलली. आता एका फेऱ्यात सात-आठ इंच आरामात, म्हणाला. जाताना विचारलं, खाली काही पुरलेलं नाही ना? मी रोजनिशी आणून दाखवली. दीड फूट, स्वतः मोजली, सही. त्याने वाचून मान डोलावली. सही बघितली की माणसाचं समाधान होतं. ही काहीतरी बोलणार होती, पण मी मिस्त्रीला फाटकापर्यंत सोडायला निघालो होतो.

२३ मार्च

तुकडा भरपूर भिजवला. दिवसभर मोटार. नरम जमिनीत पातं लोण्यासारखं जाईल. मिस्त्री म्हणाला होता नुसती ओल पुरे, चिखल नको. पण आता कसलीही कसर ठेवायची नाही.

आठ इंच. उद्या. मला झोप येईल असं वाटत नाही. हिला तर बहुतेक येतच नाहीये, चार दिवस बघतोय.

२४ मार्च, सकाळी ८.४०

निघतोय. आकाश स्वच्छ. चिखलात बूट रुततात म्हणून काढून पायरीवर ठेवलेत. अनवाणी पायाला जमिनीचा अंदाजही चांगला येतो.

हिने पुन्हा एकदा मेन स्विचचं विचारलं. पुन्हा एकदा दीड फूट सांगितलं. तिने हं म्हटलं, स्वेटर घातला, गमबूट घातले आणि दांडा घेऊन शेडकडे निघाली. या वेळी मी काही बोललो नाही. आज तिला काय घालायचं ते घालू दे. माझा आनंदाचा दिवस आहे.

कर्नल कुंपणाशी आलेला आहे. बघ म्हणावं.

२४ मार्च, सकाळी १०.१५

व्हरांड्यातून लिहितोय.

पहिला फेरा फार सुंदर सुरू झाला. काय बसलं यंत्र! उडी नाही, नाच नाही. मागे बघितलं तर काळीभोर माती उलटून पडत होती. मी कर्नलकडे बघून हात केला. तुकड्याच्या मध्यावर पोचलो तेव्हाही माझा हात वरच होता.

मग यंत्र गपकन थांबल्यासारखं झालं. इंजिन घुसमटलं. ट्रॅक्टरच्या खालून कुणीतरी ओढून धरल्यासारखं. मी बंद केला आणि उतरलो. घोट्यापर्यंत चिखल, थंडगार. मागे गेलो. पात्यांभोवती काळं, जाड, अंगठ्याएवढं काहीतरी गुंडाळलं होतं. मुळी समजून दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून ओढलं. तुटलेलं टोक माझ्या तळव्यात आलं. आत तांबं चकाकत होतं.

मी ते धरून उभा होतो. किती वेळ, मोजलं नाही.

ही पळत आली. गमबुटात पळताना दोनदा पडली. दांड्याने माझ्या हातावर असा फटका मारला की केबल खाली पडली. मग खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. मला कळेना, मारलं तिने आणि रडतेही तीच.

मी शेडकडे बघितलं. लाल दिवा बंद. म्हटलं, घाबरू नकोस, वीज गेलीय. नशीब बघ कसं, नेमकी आजही गेलीय.



२४ मार्च, सकाळी ११.००

हात धुवायला घरात आलो. स्वयंपाकघरात पंखा फिरत होता. फ्रिज गुरगुरत होता. मी पंख्याखाली उभा राहिलो आणि वर बघत राहिलो.

हिने स्वेटरच्या खिशात हात घातला आणि टेबलावर एक वस्तू ठेवली. चिनीमातीचा पांढरा फ्यूज. व्हरांड्यातल्या बोर्डवर शेडच्या लाईनला असतो तो.

चार तारखेपासून, म्हणाली. ट्रॅक्टरचा आवाज आला की काढायचा, तुम्ही चहा प्यायला बसलात की लावायचा. आज सकाळी आठ वाजल्यापासून खिशातच आहे. तुम्ही निघण्याच्या आधीपासून. तरीसुद्धा तुम्ही ती वायर हातात धरलीत तेव्हा मला वाटलं, आज चुकून दुसराच काढला असेल तर.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस.

सांगितलं असतं तर तुम्ही तो परत लावला असतात.

लावला असता.

तक्ता काढला. ४, ७, ९, १२, १४, १७, २१, आणि आज. आठ वेळा. तिने आठ वेळा केलेलं काम मी वीज कार्यालयाच्या नावावर टाकलं, आणि त्यातल्या पाच वेळा लेखी.

२४ मार्च, सायंकाळी

अंग कापतंय. ताप नाही, बघितला.

कर्नल आला होता. काही विनोद करेल म्हणून तयार होतो. तो पायरीवर बसला, माझे बूट सरळ करून ठेवले आणि गेला.

२५ मार्च, सकाळी ८.३०

घराकडच्या टोकाला, जिथे रोटर पोचत नाही, तिथे खुरप्याने हळूहळू उकरलं. केबल दिसली. खड्ड्यावर फळी आडवी टेकवली आणि फळीच्या खालून केबलपर्यंत पट्टी धरली. तीनदा धरली. तिन्ही वेळा साडेसात इंच.

मग हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, पंजा पसरून पट्टीवर ठेव. आधी नको म्हणाली, हाताला पीठ लागलंय. ठेवला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं. पट्टी हलत होती, म्हणून तिनेच दुसऱ्या हाताने माझा हात धरला.

साडेसात. तपासली, बरोबर आढळली. सही केली.

वीज कार्यालयाला दोन ओळी : अर्ज मागे घेत आहे. पुरवठा योग्य व्यक्तीकडून खंडित होत होता.

दोन वर्षांपूर्वीची नोंद खोडली नाही. खाली लाल शाईने लिहिलं : वीतभर. पत्नीने मोजली.

पालकाचं बी आणायचं आहे. नवीन केबल कुंपणाच्या कडेने जाईल, लांबी जास्त झाली तरी चालेल. फ्यूज अजून हिच्याच खिशात आहे. मी मागितलेला नाही.